रेणुकाईच्या समईपुढं लेझरची तालीम

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत डोळ्याचं लेझर करून आलेली पहिली बाई मी. तीही न घाबरता! हे आधीच सांगून टाकते, कारण गावात दुसरं कुणी सांगायला बसलं की गोष्ट भलतीकडेच जाते.

तेव्हा मी गावच्या शाळेत शिकवायचे आणि माझ्या चष्म्याचा नंबर होता उणे नऊ. भाकरी थापताना चष्मा घसरून परातीत पडायचा, आणि पिठात तो शोधायला आधी चष्माच लागायचा. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लेझर करता येईल. मी घरी पोचायच्या आधी अख्ख्या गल्लीला जाहीर करून टाकलं: महिन्याभरात बिनचष्म्याची येते, आणि मी बिलकुल भीत नाही.

सासूबाईंच्या, म्हणजे द्वारकाबाईंच्या, हातातला घास हातातच राहिला. शेजारच्या झुंबरबाईंचा मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात. त्यामुळं आगीच्या सगळ्या प्रकारांवर गल्लीत त्यांचाच शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, "वेल्डिंगकडं नुस्तं पाह्यलं तर आमच्या पोराचे डोळे टम्म सुजतेत. अन् ही बया वेल्डिंग डोळ्यातच करून घ्यायली!"

झालं. सासूबाईंनी नकार धरला तो धरलाच. मी रोज वाद घालायचे. माझे यजमान सर्जेराव दोघींच्या मधून पाण्याचा तांब्या घेऊन निसटायचे. पण आतली गोष्ट अशी, की मी वरून जितकी भांडायचे तितकी आतून सुखावायचे. मला त्या मशिनची इतकी धास्ती बसली होती की रोज मनात म्हणायचे, आत्याबाई, अशाच घट्ट राहा, माझी अब्रू तुमच्या हातात आहे.

तरी म्हटलं, यदाकदाचित सासूबाई विरघळल्या तर? डॉक्टरांनी बजावलं होतं: वरच्या लाल दिव्याकडं बघत राहायचं, डोळा हलवायचा नाही. आणि माझी नजर म्हणजे बांधावर सुटलेली शेळी. एका झुडपाला तोंड लावते न लावते तोच दुसऱ्याकडं. तेव्हा तालीम हवी. घरी टीव्हीच्या लाल ठिपक्याकडं बघत बसले, तर लोडशेडिंग. वीजमंडळाची सत्ता चालत नाही असा गावात एकच दिवा, रेणुकाईच्या गाभाऱ्यातली समई.

मंगळवारी दिवे लागायच्या वेळेला देवळात गेले. न्हाऊन केस वाळायला मोकळे सोडलेले. ऑपरेशनच्या टेबलावर चष्मा कुठला असणार, म्हणून तोही काढून पिशवीत ठेवला. समई विरघळली आणि अंधारात झेंडूचं एक फूल डोलायला लागलं. मांडी घातली आणि त्या फुलावर नजर रोवली.

डोळ्यांतून धारा लागल्या. नजर हलू नये म्हणून श्वास धरला, तर अंगच थरथरायला लागलं. मागं जोडव्यांचा आवाज झाला आणि झुंबरबाईंनी "आगं माय, आई आली गं!" अशी आरोळी ठोकली. घंटा वाजली. कुणीतरी माझ्या कपाळावर ओंजळभर कुंकू थापलं. मी मनात म्हटलं, छान, तिथंही डॉक्टर तोंडाला हात लावणारच. हलायचं नाही. मग संबळ सुरू झाला. इतक्या जल्दी तो कुणी आणला, देवीलाच ठाऊक. मला चष्म्याशिवाय माणसं दिसत नव्हती, नुसती लुगड्यांची एक रंगीत गोधडी भोवतीनं जमत चालली होती.

झुंबरबाईंनी हरवलेली शेळी विचारली. माझी नजर फुलावरच. "बोलंना आई. म्हंजे लांडग्यानंच नेली," असं म्हणून त्यांनीच निकाल लावला आणि त्याच रडायला लागल्या.

आता उठायला हवं होतं, कळत होतं. पण केस सुटलेले, मळवट भरलेला, संबळ वाजतोय. मी लेझरची तालीम करतेय, हे कुणाला पटलं असतं? या विचारात होते तोवर ओळखीच्या बांगड्या वाजल्या आणि सासूबाई पुढं आल्या. देवी ज्या बाईच्या अंगात येते तिला आमच्याकडं झाड म्हणतात. त्यांनी माझ्या पायावर डोकं टेकवलं आणि माझंच गाऱ्हाणं माझ्यासमोर मांडलं. सवयीनं आधी ओवी आली:

काचेआडची माझी सून, तिची नजर आंधळी,
माय रेणुके सांभाळ, तिच्या डोळ्याची पाकळी.

मग हळूच म्हणाल्या, "आई, हे झाड माझ्या घरचं हाय. लेकरू रडलं तर ही आधी चष्मा चाचपती, मंग लेकरू. मला बघवत न्हाई. पण तिच्या डोळ्याला काही झालं तर म्या कुणाच्या तोंडाकडं पाहू? धाडू का नको, तूच सांग."

देवीचा एक 'नको' आणि मी सुटले! कुणी मला भित्री म्हटलं नसतं. उलट नारळ फोडले असते. शब्द अगदी ओठावर आला होता. पण त्यांनी माझा गुडघा असा घट्ट धरला होता, जसं जत्रेत लेकरू आईचा पदर धरतं. मी आजवर त्याला हट्ट समजत होते. माझ्याहून मोठी भीती पदरात घेऊन ही बाई माझ्यासाठी विचारायला आली होती, आणि मी मात्र देवीच्या आड लपायला निघाले होते.

"धाड," मी म्हणाले. संबळ दुप्पट वाजला.

आणि सांगते काय, औरंगाबादला त्या टेबलावर पापणी चिमट्यानं उघडी धरली, लाल दिवा आला, आणि माझी नजर त्यावर अशी बसली जशी अंड्यावर कोंबडी. केस जळाल्यासारखा वास आला, तरी हलले नाही. डॉक्टर म्हणाले, इतकी स्थिर नजर फार कमी पेशंटची असते. परतताना एसटीच्या खिडकीतून कापसाचं बोंड न बोंड वेगळं दिसत होतं, जसं कुणी रात्रीतून आभाळातल्या चांदण्या रानात पेरल्यात. सर्जेराव मिशीतल्या मिशीत हसत होते. त्यांच्या मिशीत दोन पांढरे केस आहेत, हेही मला तेव्हाच कळलं.

घरी सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि मी प्रथमच त्यांचा चेहरा नीट पाहिला. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय. मोतीबिंदू! मग काय, मी छाती काढून व्याख्यानच दिलं: भ्यायचं कशाला, माझ्याकडं बघा, मन घट्ट केलं की झालं, उद्याच नंबर लावू. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का तुझं बोलून?"

"झालं, आत्याबाई."

"मंग आता चूप बस अन् केस सोड. म्या तुला न्हाई, आईला इचारणार हाय."

मी गल्लीच्या टोकाकडं पाहिलं. झुंबरबाई कुंकवाचा करंडा घेऊन, संबळवाल्याला पुढं घालून, आमच्याच घराकडं येत होत्या. इतक्या लांबूनही चष्म्याशिवाय अगदी स्वच्छ दिसल्या.