अण्णांच्या चार तबकड्या

अण्णा केतकरांकडे व्हायोलिन ऐकायला जायचं, तर खोकला आहे का, बांगड्या किती घातल्यात, अशी चौकशी आधी दारातच व्हायची. माझ्या बायकोला त्यांनी एकदा हाताला रुमाल गुंडाळून बसवलं होतं. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची. तेवढ्यात कुणी हललं, की अण्णा ती उचलत. "झालं. नासवलंत."

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीत आमच्या आळीत दुबईचे टेपरेकॉर्डर आले होते, पण अण्णा चावीच्या ग्रामोफोनवरच. लोखंडी सुईने तबकडी झिजते म्हणून ते करवंदीचा काटा लावत, दर बाजूला नवा. उन्हाळ्यात सगळं गाव आरे-वारेच्या कातळाच्या सड्यावर करवंदं तोडायला जाई, आणि हे काटे तोडायला.

तबकड्या चारच. एका नामांकित व्हायोलिनवादकाने सतराव्या वर्षी, नाव होण्याआधी वाजवलेल्या. त्यांचं नाव अण्णा घेत नसत. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांसारखं नुसतं 'ते' म्हणत. "काय वाजवलंनीत हो त्यांनी!" असं म्हणताना लाजतही असावेत.

या तबकड्या आता दुसरीकडे कुठेच उरल्या नव्हत्या. त्या टेपवर उतरवून घ्यायला मुंबईचा एक संग्राहक येणार, असं पत्र आलं, आणि ते अण्णांनी आळीत घरोघर वाचून दाखवलं. नारळवाल्यालाही ऐकवलं.

पाहुणा यायच्या दिवशी सकाळी अण्णा मला बरोबर घेऊन दाढी करून घ्यायला गेले. घरात त्यांची थोरली बहीण आक्का. आई गेल्यावर तिनेच अण्णांना वाढवलं आणि त्यात तिचं लग्न राहिलं. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नसे. पावसाआधी घरातल्या चीजवस्तूंना ऊन दाखवायचं ही आमच्याकडची रीत. तबकड्यांना कुबट वास येतोय, पाहुण्यापुढे बरं दिसणार नाही, म्हणून तिने चारही दारापुढच्या खळ्यात उन्हात मांडल्या, आमसुलांच्या शेजारी.

अण्णांबरोबर मीही परतलो. तबकड्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. आता काय होतंय, या भीतीने मी फाटकातच थांबलो.

"चांगल्या सुकल्यात रे," आक्का म्हणाली. "वास गेला."

अण्णांनी चारही उचलल्या. "बरं केलंस हो," एवढंच म्हणाले.

संग्राहक आला, तेव्हा त्याला अण्णांनी फाटकाबाहेरच गाठलं. तबकड्या आपल्याच हातून पडून फुटल्या, म्हणाले. दाखवल्या असत्या तर उन्हाची गोष्ट निघाली असती, आणि आक्का आत कॉफी करत होती. तो भला माणूस नको नको ते बोलला. चार तबकड्या सांभाळता आल्या नाहीत तुम्हाला, म्हणाला. दुसऱ्याच्या खोकल्यावर डाफरणारे अण्णा हात जोडून ऐकत राहिले. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

आत गेलो तर आक्का कॉफीचे पेले घेऊन उभी. "गेला? न ऐकताच?"

"घाईत होता गो. तू बस. तू ऐक."

त्यांनी तबकडी लावली. काटा होडीसारखा वरखाली होऊ लागला आणि व्हायोलिन अक्षरशः कण्हू लागलं. आक्काने तीन मिनिटं मान डोलावली.

"अशीच वाजायची ना रे?"

"अशीच," अण्णा म्हणाले. "उलट आता जरा मोकळी वाजते."