आरतीला येणारी पिल्ले

ज्याला आपण एकदा आश्रय दिला, त्याला लोकलाजेस्तव परके म्हणणे हा अपराध लहान नव्हे. आश्रित वीतभर उंचीचा असला, म्हणून अपराधही वीतभर होत नाही. दवनीवाड्याचे दुलीचंद हे जाणून होते, आणि तरीही त्यांच्या हातून तो घडला.

मुंगसाने कोंबडी नेली, तेव्हा मागे राहिलेली पाच पिल्ले त्यांनी घरात आणली. देवघरालगतच्या कोपऱ्यात टोपलीखाली विजेचा दिवा लावून त्यांना ऊब दिली. त्या दिवसांचे सुख काय वर्णावे! दुलीचंद पोथी उघडीत, तर पिल्ले धोतराच्या घडीत शिरून झोपत. ते जेवायला बसत, तर ताटाभोवती पंगत बसे. पूजा आटोपली की ते घंटा वाजवून तांदळाची कणी टाकीत. पिल्लांच्या ध्यानी एवढेच राहिले, की घंटा झाली म्हणजे देवापुढे जायचे. मोठी होऊन अंगणात हिंडू लागल्यावरही तो नेम चुकला नाही. पुष्पाबाई मात्र देवघराची जमीन पुसता पुसता पतीच्या या भक्तीचा रोज यथासांग उद्धार करीत.

अशात त्यांच्या कन्येला, प्रेरणाला, तिरोड्याचे स्थळ आले. मुलगा तिला मनापासून आवडला होता. परंतु त्याचे वडील इंद्रकुमार माळकरी. घरात कोंबडी दिसली तर बैठक तिथेच मोडेल, असा निरोप मध्यस्थाने धाडला.

"पोरीचं लगन करता का कोंबड्याईचं, एक सांगा," पुष्पाबाई म्हणाल्या.

दुलीचंदांनी पिल्ले शेजारच्या चुन्नीलालकडे पोचवली, सुरी न लावण्याचे वचन घेतले आणि रिकामी टोपली माळ्यावर टाकली.

पाहुणे सायंकाळी आले. देवघर पाहून इंद्रकुमार प्रसन्न झाले. दिवेलागण झालीच आहे, आरती करू, मग बोलू, असे त्यांनी सुचवले. दुलीचंदांनी घंटेची जीभ बोटाने दाबून ती अशी हलवली, की देवालाही ऐकू गेली नसावी.

"अवो, अशी कायले वाजवून राहिले? द्या इकडं," म्हणत इंद्रकुमारांनी ती स्वतः घेतली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी वाजवली.

पाचही पिल्ले कुंपणाखालून धावत आली, पाहुण्यांच्या पायांतून वाट काढीत देवापुढे ओळीने उभी राहिली. त्यांतली कबरी नेहमीप्रमाणे दुलीचंदांच्या खांद्यावर चढली. प्रेरणाने तबक सावरीत वडिलांकडे पाहिले.

"आमचे नाई होत हे," दुलीचंद म्हणाले. "शेजाऱ्याचे होत."

कबरीने त्यांच्या कानामागे मान टेकली.

आरती संपेपर्यंत पिल्ले हलली नाहीत. ती कणीची वाट पाहत होती, हे पाहुण्यांना कसे कळावे? इंद्रकुमारांनी घंटा हळूच खाली ठेवली. "आरतीले अशी उभी राहणारी पाखरं जनमात पाह्यली नाई," ते म्हणाले. "खाणं पाप होय, पाळाले कोणं मना केलं?"

तेवढ्यात पिल्लांमागे धावत आलेला चुन्नीलाल दारात धापा टाकीत उभा राहिला. इंद्रकुमारांनी हात जोडले. "बाबू, हे आमाले देता का? ह्यायले आमच्या घरी कोणी सुरी नाई लावणार."

चुन्नीलालने दुलीचंदांकडे पाहिले. एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दाने आधीचा शब्द खोटा ठरत होता, आणि समोर प्रेरणा उभी होती. दुलीचंदांनी मान खाली घातली.

"घेऊन जा न, मामाजी," चुन्नीलाल म्हणाला. "आपलेच समजा."

लग्न ठरले. माळ्यावरची टोपली पुष्पाबाईंनीच काढून दिली. "रात्री दिवा लावजा, नाईतं झोपत नाईत," असे त्यांच्या तोंडून निसटले, तशा त्या घाईने पुढे म्हणाल्या, "चुन्नीलालची बायको सांगत होती." मग पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून दुलीचंदांनी घंटा वाजवली. सवयीने मूठ उघडली. कणी जमिनीवर तशीच राहिली. जमीन त्या दिवशी पुसावी लागली नाही. तरी पुष्पाबाईंनी ती पुसली.

तिरोड्याच्या त्या देवघरी घंटा वेळेवर वाजो, कणी कधी उणी न पडो. प्रेरणा तिथे जाईल, तेव्हा माहेरची पाच माणसे तिला ओळखोत. आणि ज्याने आपल्यांना परके म्हटले, त्याच्या खांद्यावरही पुन्हा कोणी विश्वासाने बसो.