सात किलोंची यादी

बॅग सात किलो तीनशे ग्रॅम भरली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं हुकाचा वजनकाटा बॅगेच्या कानातून काढला, पुन्हा अडकवला, श्वास रोखून बॅग वर उचलली. सात किलो तीनशे. मग डाव्या हातानं उचलून बघितली. डाव्या हातालाही तेवढीच भरली.

"आता पायानं उचलून बघ," बायको दारातून म्हणाली. "टॅक्सी एक वाजता येणार आहे. बारा वाजून गेले."

मशीनं दुरुस्त करायला देशोदेशी हिंडणारा हा इंजिनिअर ऑफिसात 'सातकिलो' याच नावानं ओळखला जाई. वर्षातून चौदा वेळा परदेशी जायचं, तेही फक्त हातातल्या सात किलोंच्या बॅगेवर, हा त्याचा बाणा होता. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यानं दहा वस्तूंची यादी चिकटवली होती. रात्रीत वाळणारे दोन शर्ट, घडी केली की रुमालाएवढा होणारा टॉवेल, सगळ्या देशांच्या भिंतींत बसणारा एकच प्लग, निम्मी दांडी कापलेला टूथब्रश आणि असंच बरंच काही, प्रत्येकापुढे ग्रॅममध्ये वजन. त्यानं बायकोच्या कंगव्याचीही दांडी एकदा कापली होती. त्यानंतर आठवडाभर घरात फार शांतता होती.

आजची गोष्ट मात्र निराळी होती. परदेशातल्या एका कारखान्यात औषधाच्या गोळ्या भरणारं मशीन बंद पडलं होतं. त्याला लागणारं दातेरी चाक कंपनीत एकच शिल्लक होतं आणि ते त्याला स्वतः न्यायचं होतं. चाक तळहाताएवढं, पण वजन दोन किलो दोनशे. मधल्या विमानतळावर दुसरं विमान पकडायला जेमतेम पन्नास मिनिटं, म्हणजे सामान विमानाच्या पोटात टाकायची सोय नाही. आणि मॅडम, म्हणजे त्याची साहेबीण, सकाळीच स्पष्ट बोलली होती. उद्या दुपारपर्यंत मशीन चालू झालं तर परदेश विभागाचा प्रमुख तो, नाहीतर 'ट्रंक'.

ट्रंक हा त्याचा सहकारी. लग्नाबिग्नाच्या फंदात न पडलेला, निवांत, दोन दिवसांसाठीही कपाटाएवढी बॅग ढकलत नेणारा. या माणसाच्या हाताखाली काम करायचं, या कल्पनेनंच सातकिलोचा जीव खालीवर होत होता.

त्यात भर म्हणजे सासूबाई. त्या धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या, त्याच विमानानं, मधल्या विमानतळापर्यंत. बाहेरच्या खोलीत त्यांच्या दोन अजस्र बॅगा दाराशी उभ्या होत्या आणि मांडीवर एक काळी पर्स होती. तिला पर्स म्हणायचं ते केवळ त्यांच्या वयाचा मान राखून.

"जावईबापू, तुमचं जास्तीचं काही असेल तर माझ्यात टाका."

"आई, प्रश्न तीनशे ग्रॅमचा नाहीये. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व केवढ्याला भरतं?" त्यांनी निरागसपणे विचारलं. बायको आत जाऊन हसली.

तीनशे ग्रॅम जास्त कसे, हे त्याला पटेना. कालपर्यंत हिशेब चोख होता. मग काटाच खोटा असणार! पण काटा तपासायचा कशावर? घरात एकच वस्तू अशी होती, जिचं वजन तिच्या अंगावर कोरलेलं होतं. त्यानं बॅगेतून चाक काढलं, तेलकट कागद सोडवला, कापडी पिशवीत घालून काट्याला टांगलं. बरोबर दोन किलो दोनशे. काटा बिचारा प्रामाणिक निघाला, हिशेबच चुकला होता.

एवढ्यात फोन वाजला. मॅडम. त्याच वेळी वाऱ्यानं गॅलरीचं दार धाडधाड आपटायला लागलं.

"ऐकतोयस ना? त्या विमानाचे लोक फार कडक आहेत. परवाच आपल्या एकाची बॅग दारातून परत—" धाड! "ग्रॅम जरी जास्त—" धाड! "कसला आवाज येतोय?"

"काही नाही मॅडम, दार." हातात होतं ते त्यानं पिशवीतून काढून दाराच्या फटीत सरकवलं. दार गप्प झालं. "हं, बोला."

"आणि तुझी ती यादी संध्याकाळपर्यंत पाठव. प्रवासातल्या अत्यावश्यक वस्तू. सगळ्या इंजिनिअरांना वाटायची आहे."

फोन ठेवला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि त्याची पाचावर धारण बसली होती. ग्रॅम जरी जास्त! त्यानं ठेवणीतलं जॅकेट बाहेर काढलं. त्याला सतरा खिसे होते आणि माणसाच्या अंगावरचं कुणी मोजत नसतं. चार्जर खिशात, टॉवेल खिशात, मोजे खिशात, टूथब्रश वरच्या खिशात. एक शर्ट अंगातल्या शर्टावर चढवला. खोलीत इकडून तिकडे येरझाऱ्या घालत, पुटपुटत, घाम पुसत तो सामान कोंबत राहिला. शेवटी चेन ओढून त्यानं बॅग काट्याला लावली.

चार किलो शंभर.

"अगं, बघ! तीन किलोंच्या वर कमी झालं!"

बायको येऊन बघून गेली. "एका जॅकेटात तीन किलो मावले?"

"त्याला शास्त्र लागतं."

"मग आता जागा आहे, तर आईची औषधं तरी घे."

"एकदा सैल सोडलं की संपलं," तो म्हणाला आणि दोन शर्टांत अडकलेली जॅकेटची चेन ओढायला लागला.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. घर बंद करायची धांदल उडाली. सासूबाई गॅलरीचं दार लावायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली.

"जावईबापू, दारातलं हे काय आहे? घ्यायचं का बरोबर?"

"काही म्हणजे काही जास्तीचं घ्यायचं नाही!" तो चेनकडे बघतच ओरडला. "जे जिथे आहे तिथेच राहू दे!"

टॅक्सीत त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "अहो, ते तुमचं—"

"आई, हात जोडतो. सामानाबद्दल आता एक शब्द नको."

सोडायला निघालेल्या बायकोनं पुढच्या सीटवरून आरशातून आईकडे पाहिलं. सासूबाईंनी पर्सवर हात ठेवला आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

विमानतळावर त्याची बॅग मोजली गेली तेव्हा काउंटरवरची मुलगी चकित झाली. "एवढ्यावर जाताय?" त्याची छाती दोन शर्टांसकट फुगली. सासूबाईंच्या दोन्ही बॅगा बरोबर तेवीस तेवीस किलो भरल्या, ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी काटा वापरला नव्हता, नुसतं हातानं अजमावलं होतं. पर्सकडे बघून ती मुलगी एवढंच म्हणाली, "सांभाळून हं आजी, पट्टा तुटेल."

तपासणीच्या रांगेत सासूबाई पलीकडे उभ्या राहिल्या. इकडे त्याचा खरा खेळ सुरू झाला. "जॅकेट काढा," पोलीस म्हणाला. "खिसे रिकामे करा." सतरा खिसे रिकामे व्हायला वेळ लागतो. एक ट्रे भरला, दुसरा भरला, पाचव्या ट्रेला मागचे लोक पुढे सरकून तमाशा बघायला लागले. मोजे बाहेर आले. टूथब्रश आला. पोलिसानं तो उचलून उजेडात धरला.

"हा मोडलाय."

"कापलाय," तो म्हणाला. "नऊ ग्रॅम वाचतात."

"बरं," पोलीस म्हणाला आणि त्यानं त्याच्या बुटांकडे बोट केलं. "तेही."

बॅग यंत्रातून सरळ बाहेर आली. कुणी अडवली नाही, कुणी काही विचारलं नाही. क्षणभर त्याला बरं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी तो थबकला. आत दोन किलोंचं पोलादी चाक असताना बॅग अडवली कशी नाही? कंपनीचं पत्र तर त्यासाठीच वर ठेवलं होतं! त्यानं बॅग उघडली. उलटी केली. झटकली. आणि त्याला गॅलरीचं दार आठवलं.

एका पायात बूट, हातात पट्टा, अशा अवस्थेत तो मटकन बाकावर बसला. घर दीड तासावर, विमान चाळीस मिनिटांवर. कारखाना बंद, मॅडम खवळलेली, आणि प्रमुखाच्या खुर्चीत ट्रंक, शेजारी त्याची ती ट्रंक. त्याला खरंच रडू यायला लागलं. इतकी वर्षं एकेक ग्रॅम वाचवून त्यानं शेवटी वाचवलं काय, तर ज्याच्यासाठी निघालो तेच!

"ही पर्स कुणाची?" पलीकडच्या रांगेतून करडा आवाज आला.

"माझी हो."

"आत हे गोल काय आहे?"

"चाक."

"कसलं चाक?"

"ते जावयांना विचारा. ते काय, तिकडे कपडे काढतायत."

तो तसाच, एका बुटावर, पत्र फडकावत धावला. काळ्या पर्सच्या पोटातून शाल निघाली, औषधांचे डबे निघाले, बाळाची अंगडी-टोपडी निघाली आणि टोपड्यात गुंडाळलेलं चाक निघालं. ते बघून त्याचे डोळे भरून आले. स्वतःची मुलगी जन्मल्यावर पहिल्यांदा हातात दिली होती, तेव्हाही तो इतका हलला नव्हता.

"आई! मी तर घेऊ नका म्हणालो होतो!"

"म्हणालात खरे." त्या शांतपणे एकेक कपडा पुन्हा पर्समध्ये भरत होत्या. "पण म्हटलं, इतकं तेलपाणी करून ठेवलेली वस्तू कुणी मुद्दाम दाराला लावेल का? टॅक्सीत सांगणार होते, तर तुम्ही हात जोडलेत."

पोलिसानं पत्र वाचलं, चाक वाचलं, दोघांकडे आलटून पालटून पाहिलं आणि म्हणाला, "आजींबरोबर आहात होय? मग जा." पर्स या वेळी जावयानं उचलली. ती उचलताना त्याला खांदा बदलावा लागला, पण वजनाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मशीन सुरू झालं आणि महिन्याभरात तो परदेश विभागाचा प्रमुख झाला. त्याची यादी छापून ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर गेली. ती त्यानं विमानात बसल्याबसल्याच पाठवली होती. ती टेबलावर आली त्याच दिवशी यादी हातात घेऊन ट्रंक त्याच्या केबिनमध्ये आला. टेबलापाशी चुळबुळत उभा राहिला.

"बोल," सातकिलो म्हणाला.

"बाकीच्या वस्तू मिळाल्या सगळ्या. टूथब्रशही कापला." त्यानं यादीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सासूबाई, पर्ससह.' "पण माझं लग्नच झालेलं नाही. याचं काय करू?"

प्रमुखानं यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि गंभीरपणे परत दिली.

"अवघड आहे," तो म्हणाला. "तू आपली ट्रंकच ने."