सगळं घट्ट आहे

बायको गेल्यानंतर काका पहिल्यांदा एकटे जीप घेऊन बाहेर पडले, आणि जीप सरळ जात नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं. घरापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता सरळ. स्टिअरिंगही सरळ धरलेलं. तरी जीप आधी एका कडेला गेली, मग दुसऱ्या कडेला, आणि शेवटी समोरच्या घराच्या फाटकाच्या उजव्या खांबाला जाऊन टेकली. वेग म्हणाल तर काही नव्हताच. पण खांब जुना होता. तो शांतपणे आडवा झाला.

जीपही जुनीच. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून काकांनी ती इतकी वर्षं हाकली होती की गल्लीत त्यांना सगळे जीपकाका म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. आणि इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बायको असायची. जीप सुरू झाली की तिचंही सुरू व्हायचं. "अहो, उजवीकडे. अहो, फार झालं. अहो, खांब!" काका म्हणायचे, "मला गाडी चालवायला शिकवू नकोस," आणि हात मात्र ती सांगेल तसे फिरवायचे. गाडी सरळ चालायची. ती आपणच चालवतो असा काकांचा समज होता.

फाटक साहेबांचं होतं. साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, पण जगात कुठेतरी काहीतरी गळतंय आणि ते आपल्यालाच शोधायचंय, हा भाव त्यांच्या चेहऱ्यावरून निवृत्त झाला नव्हता. ते पडलेल्या खांबाशेजारी येऊन उभे राहिले आणि जीपकडे बघत म्हणाले, "चाकांत हवा कमी आहे."

"साहेब, तुमचा खांब..."

"खांबाचं नंतर. आधी निदान."

निदान करण्याआधी साहेबांनी एक काम केलं. काकांच्या मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात नोकरीला होती. दोन मिनिटांत तिचा काकांना फोन आला.

"बाबा, जीप विकून टाका."

"खांब जुना होता गं."

"बाबा, आज खांब होता. उद्या माणूस असेल. आईपण गेली, आता मला तुमच्याबद्दल असा फोन नको यायला."

जीप विकणं म्हणजे ती शेजारची सीटही विकणं. सीट अजून पुढे ओढलेली होती, कारण बायको ठेंगणी होती. त्या सीटवर तिनेच शिवलेली उशी होती. हे फोनवर कसं सांगणार? ते म्हणाले, "स्टिअरिंग नुसतं थोडं ढिलं झालंय, प्ले आहे. काढतो."

"मग असं करू. रविवारी मी येते. तुम्ही मला तलावापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. मी एकदाही किंचाळले नाही तर जीप तुमची. किंचाळले तर चावी माझी."

"आणि उगाच किंचाळलीस तर?"

"मी आईची मुलगी आहे, बाबा. आई उगाच कधी किंचाळली?"

ही बातमी गल्लीभर झाली आणि काकांच्या अंगणात तज्ज्ञ जमले. साहेब होतेच. मेहुणा आला. तो पांढरी पँट घालून मोटारींचे सुटे भाग विकायचा, त्यामुळे त्याला हाताळण्यापेक्षा बोलण्याची सवय जास्त. कोपऱ्यावरचा मिस्त्री आला. त्याला गाडी बघावी लागत नसे, नुसता आवाज ऐकला की कळायचं, असं तो स्वतः सांगायचा.

"हवा," साहेब म्हणाले.

"दाजी, स्टिअरिंगची थरथर मारणारा डॅम्पर गेलाय. माझ्याकडे आहे एक. शेवटचाच," मेहुणा म्हणाला.

"स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळायला पाहिजे," मिस्त्री म्हणाला. गाडी तेव्हा बंद होती.

खरं तर ढिलं स्टिअरिंग शोधायची रीत साधी असते. गाडी जमिनीवर उभी करायची, एकाने सीटवर बसून स्टिअरिंगचं चक्र थोडं इकडे, थोडं तिकडे हलवायचं, आणि दुसऱ्याने खाली झोपून बघायचं की चक्र आणि चाक यांच्यामध्ये काय काय आपापल्या मर्जीने हलतंय. तिघांनाही ही रीत ठाऊक होती. तिघेही चक्र हलवायला तयार होते.

"खाली कोण जातंय?" काकांनी विचारलं.

साहेबांची कंबर धरली होती. मेहुण्याने आपल्या पँटकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "खाली काय बघायचं त्यात? मला वरूनच कळतं."

शेवटी काकाच खाली गेले. ते नेहमीच खाली जायचे. बायको वर बसून चक्र हलवायची आणि काका खाली डाव्या चाकाशी डोकं ठेवून, टॉर्च लावून, दर वेळी तेच दोन सांधे बघायचे. ती वरून म्हणायची, "अहो, माझ्या पायाखाली टक होतंय." काका खालून म्हणायचे, "तू नुसतं फिरव. सगळं घट्ट आहे."

आजही त्यांनी डाव्या चाकाशी डोकं ठेवलं, ते दोन सांधे बघितले आणि खालून सांगितलं, "सगळं घट्ट आहे!"

"मग मी म्हणतो तेच," वरून तिघे एकदम म्हणाले.

पहिला मान साहेबांचा. चारही चाकांत त्यांनी स्वतः उभं राहून हवा भरून घेतली. जीप आता भरकटायची तशीच भरकटत होती, फक्त उड्या मारत भरकटत होती. "फरक पडला की नाही?" साहेबांनी विचारलं. फरक पडला होता, हे काकांना कबूल करावं लागलं.

मग मेहुण्याचा शेवटचा डॅम्पर बसला. चक्राचं थरथरणं थांबलं. जीप अतिशय गुळगुळीतपणे, एकही धक्का न देता, गटाराकडे गेली. गटारातून ती ओढून काढताना मेहुणा म्हणाला, "दाजी, आता कळलं ना, केवढी थरथर होती ती!" लगोलग त्याच्याकडे आणखी एक शेवटचा डॅम्पर निघाला.

उरला मिस्त्री. त्याने स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला, आणखी आवळला, आणि जिभेचं टोक बाहेर काढून वर एक वेढा दिला. चक्र असं जड झालं की काकांना उभं राहून फिरवावं लागलं. कोपऱ्यावर त्यांनी जीप वळवली ती वळलीच. चक्र जागेवर परत येईना. तिथल्या बागेला पूर्ण फेरा घालून जीप पुन्हा काकांच्याच दारात आली.

"आली ना घरी?" मिस्त्री म्हणाला.

एव्हाना रविवार उजाडला. मुलगी आली, बॅग ओट्यावर ठेवली आणि जीपभोवती एक चक्कर मारली. तिघे तज्ज्ञ रांगेत उभे होते. तिघांनी तीन प्रकारे सांगितलं की आपण नसतो तर परिस्थिती आणखी वाईट असती.

"बाबा, असं नाही मी बसणार. आधी मला स्वतःला बघू दे. तुम्ही वर बसा, मी खाली जाते."

"तू? कपडे खराब होतील."

"बाबा. वर बसा."

काका वर बसले. इतक्या वर्षांत चक्र हलवायला ते कधी वर बसले नव्हते. चालवणं वेगळं. त्यांनी चक्र थोडं इकडे केलं, थोडं तिकडे केलं. आणि डाव्या पायाखाली टक झालं.

त्यांनी पुन्हा हलवलं. टक.

"अगं, खाली काहीतरी हलतंय," ते म्हणाले.

डाव्या चाकाशी टॉर्च लागला होता. तिथून मुलीचा आवाज आला, "काही नाही हलत. तुम्ही नुसतं फिरवा, बाबा. सगळं घट्ट आहे."

काकांचे हात थांबले. तिघे तज्ज्ञ एकमेकांकडे बघायला लागले, कारण काकांचा चेहरा बघून आता कुणाची बाजू घ्यावी हे त्यांना कळेना.

"बाबा? फिरवा ना."

"तू तिथलं बघू नकोस," काका म्हणाले. "ते सांधे चांगलेच आहेत. इकडे ये. माझ्या पायाच्या पुढे, बंपरच्या मागे. डोळ्यांनी बघू नकोस, हात ठेव. माझ्या पायाखाली टक होतंय."

मुलगी सरपटत पुढे आली. काकांनी चक्र हलवलं.

"अगं बाई!" खालून आवाज आला. "बाबा, हा अख्खा बॉक्सच हलतोय! त्याला गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्टच ढिले आहेत."

"मी तेच म्हणत होतो," मिस्त्री म्हणाला. "बॉक्स."

"तू स्क्रू म्हणत होतास," साहेब म्हणाले.

"हवा जास्त भरल्यामुळे ढिले झाले असतील," मेहुणा म्हणाला, आणि मग त्याचं आणि साहेबांचं जुंपलं.

मिस्त्रीने आपला जास्तीचा वेढा उलटा फिरवला, बोल्ट आवळले आणि चाकांतली हवा साहेबांच्या डोळ्यांसमोर उतरवली. काकांनी चक्रावर बोट ठेवलं तरी चाक वळत होतं. इतकी हुशार जीप त्यांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

मुलगी शेजारी बसली. ती उंच. तिचे गुडघे डॅशबोर्डला लागले.

"बाबा, ही सीट मागे करा ना."

"ती सरकत नाही," काका म्हणाले.

"सरकते की, मी मघाशीच..." मिस्त्री सांगायला लागला. काकांनी त्याच्याकडे बघितलं. तो आपले पाने आवरायला लागला. मुलीने गुडघे तिरके केले आणि उशी पाठीशी नीट घेतली.

जीप आता चांगली झाली होती, पण काकांचे हात जुनेच होते. त्यांना सवय होती मनात असेल त्याच्या दुप्पट चक्र फिरवायची. जीप आता सांगितलेलं सगळं ऐकत होती. त्यामुळे तलावापर्यंत ती पुन्हा नागमोडीच गेली.

"बाबा, डावीकडे. बाबा, फार झालं. बाबा, सायकलवाला!"

'मला गाडी चालवायला शिकवू नकोस' हे वाक्य काकांच्या जिभेवर आलं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "बरं."

परतताना ते बरेच सुधारले. अगदी दारापर्यंत मुलगी फक्त बोलत होती. मग दारात वळताना हातांना काय आठवलं कुणास ठाऊक. जीप फाटकाला लागली. काकांच्या नाही, साहेबांच्या. डावा खांब उजव्यापेक्षाही शांतपणे आडवा झाला.

मुलीने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते. धूळ बसल्यावर तिने ते काढले.

"मी किंचाळले नाही," ती म्हणाली.

"नाही," काका म्हणाले.

"चावी ठेवा तुमच्याकडे. पण मी दर रविवारी येणार. तुम्ही एकट्याने चालवायची नाही."

साहेब दोन्ही खांबांच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि ब्रेक तपासले पाहिजेत म्हणाले.

उजवा खांब आता बांधून झाला आहे. डावा बांधायचा राहिला आहे. शेजारची सीट मागे सरकवायची राहिली आहे.