काकूंच्या रेडिओची खरखर

चौकशीकाकांनी बायकोचा रेडिओ दुरुस्त करायचं ठरवलं ते निव्वळ प्रेमापोटी. (त्यांचा घसाही थोडा बसला होता.) हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते पाहून यात प्रेमाचा काही संबंध होता अशी शंका कोणालाही येणार नाही.

बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसले म्हणून गल्लीनं त्यांना चौकशीकाका केलं, आणि त्यांच्या बायकोला आपोआप काकू. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी काकांची खिडकी सुटली नव्हती. त्यांच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या भिंतीला ताटं पुढे सरकवण्यापुरती एक चौकोनी खिडकी होती. काकांनी आपली खुर्ची नेमकी त्या खिडकीखाली मांडली होती, तिच्याकडे पाठ करून. तिथून ते दिवसभर आत माहिती पुरवत. नळाला पाणी किती वाजता येईल, समोरच्याच्या गॅलरीत कोणाचे कपडे वाळत आहेत, आणि डेपो मॅनेजरनं एकदा स्वतःच्याच काखेतल्या छत्रीच्या चोरीचा रिपोर्ट कसा लिहून दिला होता. माहिती दिली की आतून काकूंचा आवाज यायचा, "हं."

या एका "हं"वर काकांचा संसार उभा होता. मित्रांचे संसार पाहून त्यांना कीव यायची. कोणी बायकोला न विचारता घर घेतलं, कोणी न विचारता विकलं. काका छाती फुगवून सांगायचे, "मी आजवर बायकोला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकलेलं नाही. विचारतो, ती हं म्हणते, मगच पुढे." त्यांच्या आयुष्यात बढती नव्हती, बंगला नव्हता, मुलगा दोन महिन्यांतून एकदा फोन करायचा आणि तोही आईला. पण आपण विचारणारा नवरा आहोत, ही एक गोष्ट त्यांची स्वतःची होती.

जुन्या वस्तू दोघांनाही सोडवत नसत. काका अजून किल्लीच्या घड्याळाला रोज सकाळी मोजून अठरा पिळे देत. काकूंचा जीव होता रेडिओवर. लाकडी पेटीचा, पुढे कापडी जाळी असलेला तो रेडिओ त्यांच्या वडिलांचा. लग्नात त्यांनी सोबत आणला, त्या वेळी त्यावर गाणी लागायची. गेली चौदा वर्षं मात्र त्यातून एकच गोष्ट यायची, ती म्हणजे खरखर. कढईत काहीतरी सतत तळलं जावं तशी. काकू सकाळी उठल्या की आधी रेडिओ लावत, मग चहा ठेवत. संध्याकाळी तो फडक्यानं पुसत आणि बंद करताना पेटीवरून हात फिरवत. काकांवरून असा हात फिरल्याचं कोणाला आठवत नाही.

त्या खरखरीवर आवाज चढवून चढवून काकांचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, "काका, बोलणं कमी करा." काकांनी त्याचा अर्थ असा घेतला, की घरातला गोंगाट कमी करायला हवा.

काकू भाजी आणायला बाहेर पडल्या आणि काकांनी रेडिओ चादरीत गुंडाळून मेकॅनिकचं दुकान गाठलं. मेकॅनिकनं चादर उघडली आणि जुना पाहुणा भेटावा तसा चेहरा केला.

"हा तर काकूंचा. त्यांनी पाठवला?"

"मी आणलाय. तू ओळखतोस हा?"

"दरवर्षी आणतात की. वायर बदलून नेतात, बटण घट्ट करून नेतात. खरखर काढू का विचारलं की नको म्हणतात."

"नको?"

"तेवढं राहू दे, म्हणतात."

काकांना भरून आलं. बिचारी, स्वतःसाठी काही करून घ्यायला किती लाजते. एवढी वर्षं खरखर सोसली, पण नवऱ्याला म्हणून त्रास दिला नाही.

"काढ," काका म्हणाले. "मुळापासून काढ."

मेकॅनिक घुटमळला. "काका, एकदा विचारून घ्या त्यांना."

"अरे, तिला विचारल्याशिवाय मी आजवर काही केलंय का?" काका म्हणाले. (या वेळी केलं होतं, पण ते प्रेमापोटी असल्यामुळे त्यांनी हिशेबात धरलं नाही.)

मेकॅनिकनं आतला एक सुकलेला कंडेन्सर बदलला, बटणांतली धूळ काढली, आणि तासाभरात रेडिओ माणसासारखा बोलू लागला. काकू परत यायच्या आत तो जागच्या जागी होता.

काकूंनी स्वयंपाकघरात पिशवी ठेवली, सवयीनं रेडिओचं बटण फिरवलं. आतून एक बाई अतिशय शांत आवाजात हवामान सांगू लागली. काकू तशाच उभ्या राहिल्या.

"कसा वाटला?" खिडकीतून काकांनी विचारलं.

"हे काय केलंत?"

"दुरुस्त केला. आता घरात एकमेकांचं नीट ऐकू येईल."

काकूंनी रेडिओकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग भाजी निवडायला घेतली. त्यांना आनंदानं बोलवत नाहीये, असा काकांनी निष्कर्ष काढला.

पहिला दिवस मजेत गेला. काका हळू आवाजात माहिती देत होते आणि काकूंना चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती शब्दन् शब्द ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी काका छत्रीच्या गोष्टीवर आले.

"कोण मॅनेजर?" आतून प्रश्न आला.

काका थबकले. खिडकीला पाठ करून बसणाऱ्या माणसाला आतून प्रश्न येण्याची सवय नसते. "कोण म्हणजे? आमचा. छत्रीवाला."

"छत्रीचं काय?"

"अगं, शेकडो वेळा सांगितलंय मी तुला!"

"असेल. मला पहिल्यांदाच कळतंय."

"तू हं म्हणायचीस."

"तुमचा आवाज थांबला की म्हणायचे. कुकरची शिट्टी थांबली की गॅस बारीक करतो ना, तसं."

काकांनी खुर्ची फिरवली आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या खिडकीतून आत पाहिलं. काकू कांदा चिरत होत्या. हवामानाची बाई उद्या आकाश निरभ्र राहील असं सांगत होती.

"म्हणजे मी बोलायचो ते...?"

"खरखर होती ना."

"काहीच नाही ऐकलंस?"

"आधी बरीच वर्षं ऐकलं," काकू म्हणाल्या. "मग रेडिओ बिघडला. म्हटलं, बरं झालं."

इथे शहाणा माणूस उठून चक्कर मारायला गेला असता. काकांनी चौतीस वर्षं लोकांना कुठे जायचं ते सांगितलं होतं, स्वतः वेळेवर कुठे जावं हे त्यांना कधीच कळलं नाही. ते म्हणाले, "पण महत्त्वाचं तरी ऐकलंस ना? बढतीचं?"

सुरी थांबली.

अकरा वर्षांपूर्वी काकांना मुख्य कार्यालयात बढती मिळत होती, दुसऱ्या गावी. काकूंची थोरली बहीण त्याच गावात राहायची. काकांनी बढती नाकारली आणि डेपोतली खिडकी राखली. आपण बायकोच्या मताखातर मोठा त्याग केला, हे त्यांनी डेपोत इतक्या जणांना ऐकवलं होतं, की त्यांच्या निरोप समारंभाच्या भाषणातही ते आलं.

"बढतीचं तुम्ही मला विचारलंत?" काकूंनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"म्हणजे काय! याच खुर्चीतून विचारलं. 'नको ना जायला? इथंच बरं आहे, नाही का?' तू हं म्हणालीस."

"तीन महिने मी वाट बघत होते, तुम्ही विचाराल म्हणून. ताईनं तिच्या शेजारची खोली बघून ठेवली होती. मी पडद्यांचं कापडसुद्धा आणलं होतं. मग एक दिवस शेजारच्या बाईंनी सांगितलं की तुम्ही नकार देऊन आलात."

"तू बोलली का नाहीस?"

"कोणाशी? तुमच्या पाठीशी?"

काकू पुढे म्हणाल्या, "दिवसभर तिकडे लोकांना उत्तरं द्यायचात. घरी येऊन मलाही उत्तरंच द्यायचात. त्यात कधी एखादा प्रश्न असेल असं मला वाटलंच नाही. अकरा वर्षं मी तुमचा राग करतेय, की या माणसानं मला साधं विचारलं नाही."

"विचारलं होतं," काका म्हणाले. पण ते इतक्या बारीक आवाजात, की जुना रेडिओ असता तर त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नसतं.

काकूंनी हात पुसले आणि रेडिओचं बटण धरलं. हवामानाची बाई गेली, कोणीतरी गात होतं ते गेलं, आणि दोन स्टेशनांच्या मधली ती मोकळी जागा त्यांना सापडली, जिथे कोणीच बोलत नाही. खरखर सुरू झाली. मेकॅनिक हातचा पक्का होता. दुरुस्तीनंतर तीसुद्धा पूर्वीपेक्षा स्वच्छ यायला लागली.

काका खुर्चीत बसून राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. आपल्या एकुलत्या एका चांगल्या गुणाला आतून वाळवी लागली होती आणि आपण भाषणांत त्याला पॉलिश करत होतो, हे त्यांना दिसत होतं. कांदा परतल्याचा वास आला. मग त्यांनी आयुष्यातला पहिला खरा प्रश्न जुळवला. त्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं, आणि म्हणून बोलताना जीभ अडखळत होती.

"अगं, आता जाऊ या का? ताईंकडे? आठ दिवस, पंधरा दिवस, तुला हवं तितकं. तू म्हणशील तेव्हा निघू. जायचं का?"

ते थांबले. आतून आवाज आला, "हं."

काका ताडकन उठले. गुडघा दुखत असताना स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरची बॅग काढली, झटकली, पलंगावर उघडली. त्यात दोन शर्ट घातले, किल्लीचं घड्याळ रुमालात गुंडाळून घातलं, कारण रोजचे अठरा पिळे तिकडेही द्यायला हवेत. काकूंची ती निळी साडी घ्यावी की तपकिरी, यावर ते अडले होते. विचारूनच घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात काकू चहाचा कप घेऊन दारात आल्या. त्यांनी बॅग पाहिली, हातातली साडी पाहिली.

"कुठे निघालात?"

हा प्रश्न काकांना चौतीस वर्षांत रोज दोनशे वेळा तरी उलटसुलट करून विचारला गेला असेल. त्यांच्याकडे नेहमी उत्तर असायचं. आता त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथे राग नव्हता की चेष्टाही नव्हती. त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं.

पुन्हा विचारायचं, समोर उभं राहून विचारायचं, एवढंच करायचं होतं. काकांनी तोंड उघडलं.

"कुठे नाही," ते म्हणाले. "बॅगेला कुबट वास येत होता. जरा ऊन दाखवावं म्हटलं."

"हं," काकू म्हणाल्या. हे मात्र त्यांनी ऐकलं होतं.