धनराज सरांची असेंब्ली

सायलीला कायम करायचा कागद धनराज सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिने सरांची असेंब्ली त्यांना न विचारता ऐच्छिक करून टाकली होती.

नाशिक रोडच्या त्या छोट्या कंपनीत कांदे निवडणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम बने. त्यातला एक तुकडा सरांनी ऐन उमेदीत असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या बोलीत लिहिलेला. त्याला हात लावणं म्हणजे देव्हाऱ्यातले टाक हलवणं. पण सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करायची वेळ आली, की काही नव्या कॉम्प्युटरांवर गाडी तिथेच अडे. शेवटी सायलीने वाट काढली: असेंब्ली जमली तर घ्या, नाहीतर तिच्याऐवजी साधा तुकडा घेऊन पुढे चला.

आज कळवणचे भिकनशेठ नवं यंत्र बघायला आले होते आणि सर स्वतः ते दाखवत होते. यंत्राच्या पडद्यावर ‘असेंब्ली बंद’ अशी ओळ उमटली आणि सायली चहाचा ट्रे घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

“अगं, बाजूला हो. शेठना कांदे दिसू देत.”

ती सरकली. ओळ वर निघून गेली होती, पण तिचा जीव काही खाली येईना. कांदे मात्र सुसाट निघाले.

“बघा शेठ,” सर म्हणाले, “हा वेग असेंब्लीचा.”

“मंग आमच्या जुन्या यंत्रात ती नाय का?”

“आहे तर.”

“मंग ते का रांगतं?”

“कॉम्प्युटर जुना असेल.”

“मागल्या दिवाळीला घेतला. तुमच्याकूनच.”

सरांनी सायलीकडे पाहिलं. तिने ट्रे खाली ठेवला. “सर, जुन्यात असेंब्ली चालू आहे. ह्यात... बंद आहे.”



“म्हंजे नसली का पळतं,” शेठ म्हणाले. “लय भारी. आमच्यातली बी काढा.”

सरांनी घसा खाकरला. “काढायला कशाला हवी? आम्ही ती ऐच्छिक केलीय. तुमचीही बंद करून देतो.” त्या ‘आम्ही’वर सायलीनेही मान डोलावली.

शेठ गेल्यावर सरांनी तिला आत बोलावलं. मान वर न करताच कागदावर सही केली आणि तो तिच्याकडे सरकवला.

“पुसली नाहीस ना?”

“नाही सर. हवी तिथे चालू करता येते.”

“मग माझ्या लॅपटॉपवर चालू ठेव.”

“पण सर, आताच्या कॉम्प्युटरवर तिच्यामुळे सगळं हळू होतं.”

“होऊ दे,” सर म्हणाले. “मला कुठे कांदे निवडायचेत.”