दीड डोक्याचा गरुड

इतिहास जपायला खानदानी नजर लागते आणि ती आपल्याला जन्मजात आहे, असं रफिक परकार यांचं ठाम मत होतं. हे मत गुरुवारी संध्याकाळी तयार झालं आणि शनिवारी दुपारपर्यंत टिकलं.

गुरुवारी अबुधाबीतल्याच एका म्युझियममधून नबिला मॅडमचा फोन आला. समुद्रापलीकडून फिरत आलेल्या दागिन्यांचं त्या प्रदर्शन भरवत होत्या. रफिकची बायको शहरबानू हिच्या रत्नागिरीच्या पणजीच्या हारातलं चांदीचं नाणं, त्यांना पाठवलेल्या फोटोवरून, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं निघालं होतं. चारशे वर्षांपूर्वीचं! शनिवारी मॅडम रफिकच्या खलिफा सिटीतल्या घरी येणार, पसंत पडलं तर नाणं काचेच्या कपाटात आणि खाली कार्डावर नाव!

"रफिक परकार कलेक्शन," रफिकने मोठ्याने म्हणून पाहिलं.

"पणजी माझी आणि कलेक्शन तुमचं?"

"बानू, कार्डावर घरच्या माणसाचं नाव शोभतं."

"मग मी काय पेइंग गेस्ट आहे?"

नाण्याच्या एका बाजूला तेव्हाच्या स्वतंत्र न्यूरेंबर्ग शहराचं चित्र, दुसऱ्या बाजूला बादशहाचा दोन डोक्यांचा गरुड. रफिक चक्रावला. "शहर स्वतंत्र, मग गरुड बादशहाचा कसा?"

"डॅडी, इट्स लाइक अ फ्री झोन," मोबाइलमधून मान न काढता लेक यम्ना म्हणाली.

"हां! धंदा आपला, शिक्का सरकारचा!" रफिकला जर्मनीचा इतिहास समजला.

राहिला एकच प्रश्न. नाणं तव्यासारखं काळं होतं आणि वर हारात ओवायची कडी डाग देऊन बसवलेली. असं ध्यान पाहुण्यांना दाखवायचं? शुक्रवारी रफिकने ते मुसफ्फातल्या आपल्या स्टीलकामाच्या वर्कशॉपमध्ये नेलं.

"साहेब, कडी कापू?" तिथला कारागीर मुरलीधरने विचारलं.

"काप! बिचाऱ्याचा गळा आवळलाय."

"मशीनवर बफ मारून चमकवू?"

"मार. पण प्रेमाने."

मुरलीधरने आदल्या दिवशी एका हॉटेलचं रेलिंग याच प्रेमाने घासलं होतं. नाणं असं लखलखलं की त्यात बघून दाढी करावी!

"यम्नाचे अब्बा," शहरबानू घरी किंचाळली, "गरुडाचं अर्धं डोकं कुठे गेलं?"

"इतिहासजमा झालं."

तिने हात पुढे केला. रफिकने खिशातली कडी तिच्या तळहातावर ठेवली.

शनिवारी नबिला मॅडमनी पांढरे हातमोजे चढवले, नाणं उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं.

"फोटोत कडी होती."

"काढली! खास तुमच्यासाठी!"

"मिस्टर परकार, न्यूरेंबर्गची नाणी मी पुष्कळ पाहिलीत. कोकणातल्या सोनाराने कडी लावलेलं एकच पाहिलं. तेही फोटोत."

रफिकला काही सुधरेना. "म्हणजे जर्मनीचं नाणं नको, रत्नागिरीची कडी हवी?"

"हो."

"मग जर्मनी मध्ये कशाला आली?"

शहरबानूने शिवणाचा डबा उघडला आणि कडी मॅडमच्या हातमोज्यावर ठेवली.

प्रदर्शन आता सुरू आहे. कपाटात कडी आहे, शेजारी नाण्याचा फोटो. कार्डावर नाव शहरबानू परकार.

नाणं शिवणाच्या डब्यात, बटणांबरोबर आहे.